नातवंडे मैदानावर, जबाबदारी आपल्यावर

"आजोबा, आज मला मैदानावर जायचं नाही."

संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. बूट दाराशी ठेवलेले असतात, पाण्याची बाटली भरलेली असते, आणि नऊ-दहा वर्षांचे नातवंड उंबरठ्यावर उभे राहून एवढेच वाक्य बोलते. आई-वडील अजून कामावरून परतलेले नसतात. अशा वेळी आपल्या तोंडून सहज निघणारे उत्तर ठरलेले असते : "कंटाळा करू नकोस. शुल्क भरलं आहे. सर वाट पाहत असतील."

बहुतेक वेळा त्यामागे खरोखरच कंटाळा असतो. कधी गृहपाठ राहिलेला असतो, कधी मित्राशी भांडण झालेले असते. परंतु क्वचित त्या वाक्यामागे मुलाला शब्दांत मांडता न येणारे काही दडलेले असते. ते कंटाळ्याचे वाक्य आहे की भीतीचे, हे ओळखण्याची पहिली संधी आई-वडिलांपेक्षा अनेकदा आजी-आजोबांना मिळते. हा लेख त्या संधीविषयी आहे.

ओझरसारख्या गावात तर हे अधिकच खरे आहे. नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेल्या या गावाला १९६४ साली सुरू झालेल्या विमान कारखान्याने नवे रूप दिले. एकीकडे कारखान्याची वसाहत, दुसरीकडे बाणगंगेच्या परिसरातील द्राक्षबागा. कारखान्याच्या वेळा आणि बागेचा हंगाम सांभाळणाऱ्या घरांतून मुलांना मैदानावर नेण्या-आणण्याचे काम स्वाभाविकपणे ज्येष्ठांकडे येते. मैदानाच्या कडेला बाकावर किंवा पारावर बसून खेळ पाहणारी मंडळी बव्हंशी साठी ओलांडलेलीच असतात.

खेळ हवाच

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू या. पुढील मजकूर वाचून कोणी मुलांना घरात कोंडून ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल करावयास हवी. हाडे, हृदय, झोप, एकाग्रता आणि मनाची प्रसन्नता या सर्वांना तिचा लाभ होतो. पराभव पचविण्याची आणि इतरांसोबत मिळून काम करण्याची सवयही मैदानावरच लागते.

आपल्या जिल्ह्याने तर हे प्रत्यक्ष पाहिले आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताकडून उतरला. लहान गावांतील मुलांना पुढे नेणारे मार्गदर्शक आपल्याकडे आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण मनापासून, अल्प मोबदल्यात झटत असतात. त्यांच्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. मात्र संशय न घेणे आणि काहीच न विचारणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

धोका अनोळखी माणसापुरता नाही

आपल्या पिढीने मुलांना शिकविले ते एवढेच : अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये, त्याच्याबरोबर जाऊ नये. ही शिकवण योग्य होती, पण अपुरी होती. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी संवाद साधण्यात आला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी, कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. सुमारे निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासाच्या स्थानी असलेली होती, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती.

म्हणजे "आमचा मुलगाच आहे, त्याला काय होणार?" हा समज चुकीचा आहे, आणि "ते तर आपल्या ओळखीचे आहेत" हा दिलासाही पुरेसा नाही.

क्रीडाक्षेत्रातील एक भारतीय प्रकरण ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. ऑगस्ट १९९० मध्ये हरियाणातील पंचकुला येथे टेनिस खेळणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीचा विनयभंग झाला. आरोपी होते राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष आणि त्याच वेळी वरिष्ठ पोलीस अधिकारी असलेले एस. पी. एस. राठोड. तक्रारीनंतर त्या मुलीला शाळेतून काढण्यात आले आणि १९९३ मध्ये तिने आपले जीवन संपविले. न्यायालयाने आरोपीला दोषी ठरविले ते डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा दोष कायम ठेवला. हा लढा इतकी वर्षे तग धरून राहिला, यात तिच्या मैत्रिणीचा आणि त्या मैत्रिणीच्या आई-वडिलांचा वाटा फार मोठा होता. मैत्रीण प्रत्यक्ष साक्षीदार होती आणि तिच्या घरच्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार केले. काही वेळा तर मुलीचे पालक त्याच खोलीत होते, तरीही त्यांना काही कळले नाही. १९९० च्या दशकातच काही मुलींनी तक्रार केली होती, परंतु मोठ्यांनी ती गैरसमज म्हणून सोडून दिली. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्या वेळी दीडशेहून अधिक मुली व महिलांनी न्यायालयापुढे आपली वेदना मांडली.

या दोन्ही घटनांतून निघणारा निष्कर्ष आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. आपण मैदानाच्या कडेला बसतो, ही चांगली गोष्ट आहे, परंतु तेवढ्याने मूल सुरक्षित होत नाही. त्याला दोन आधार लागतात : नियमांनी चालणारे मैदान आणि ऐकून घेणारे घर.

मोजून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे

"इतकी वर्षे ओळखतो, त्यांना कसे विचारायचे?" ही आपली खरी अडचण असते. या बाबतीत ओझरकरांनी दूर कोठे पाहावयाची गरज नाही. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडील इथल्या शेतकऱ्यांना हक्काचे पाणी मिळत नव्हते. तेव्हा समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी गावात पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी घनमापन पद्धतीने मोजून घ्यावयाचे, पाळी ठरवून घ्यावयाची आणि व्यवहार सभासदांपुढे ठेवावयाचा, हा या कामाचा पाया. पाणी मोजल्याने शेजाऱ्याचा अपमान होत नाही. उलट मोजल्यामुळेच शेजाऱ्यावरचा विश्वास टिकतो.

जी काळजी आपण पाण्याची घेतो, ती मुलांची घ्यावयास संकोच का वाटावा? नियम सर्वांसाठी सारखा असला की तो कोणा एकावरील आरोप राहत नाही. प्रामाणिक प्रशिक्षकाला तर तो संरक्षणच देतो, कारण उघड्यावर चालणाऱ्या कामाबद्दल कुजबुज होत नाही.

कायदाही हेच सांगतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सर्व जण पॉक्सो म्हणून ओळखतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. या कायद्याखालील २०२० च्या नियमांत शाळा व पाळणाघरांबरोबर क्रीडा प्रबोधिन्यांचाही, म्हणजे स्पोर्ट्स अकॅडमींचा, नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांशी नित्य संपर्क येणाऱ्या अशा प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व पूर्वेतिहासाची चौकशी ठरावीक काळाने करून घ्यावी, मग ते कायम असोत वा कंत्राटी, असे हे नियम सांगतात. मुलांच्या सुरक्षिततेविषयी त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देणेही बंधनकारक आहे. तेव्हा "पडताळणी झाली आहे का?" असे विचारताना आपण कोणाचा उपमर्द करीत नाही. कायद्याने घातलेली अटच आपण विचारीत असतो.

मैदानाला कोणते नियम हवेत?

मोठी इमारत किंवा महागडी साधने नसली तरी चालेल. चार-पाच साधे नियम कागदावर लिहून मैदानावर लावलेले असले, तर लहानसे मंडळही सुरक्षित होऊ शकते.

पहिला नियम असा की एक प्रौढ आणि एक मूल बंद जागेत एकटे असू नयेत. वैयक्तिक सराव द्यावयाचा असेल तर तो उघड्यावर, इतरांच्या नजरेच्या टप्प्यात द्यावा. मालिश, पट्टी बांधणे किंवा दुखापत तपासणे, हेही दुसऱ्या प्रौढाच्या उपस्थितीत आणि मुलाला विचारूनच व्हावे. स्नायू ताणण्याचा व्यायाम शिकविताना स्पर्श करावा लागतो, हे खरे आहे. परंतु "आता तुझा खांदा धरतो, चालेल ना?" असे आधी विचारणे अवघड नाही.

दुसरा नियम निरोपांचा. सरावाच्या वेळा आणि सूचना पालकांच्या गटावर याव्यात. प्रशिक्षक रात्री उशिरा मुलाशी मोबाइलवर खासगी गप्पा मारीत असेल, भेटवस्तू देत असेल आणि "हे घरी सांगू नकोस" असे बजावीत असेल, तर त्या क्षणी सावध झाले पाहिजे. मुलाला गुपिते राखावयास सांगणारा प्रौढ, मग तो कितीही नामवंत असो, चुकीच्या वाटेवर आहे.

तिसरा नियम परगावच्या स्पर्धांचा. सोबत किमान दोन जबाबदार प्रौढ असावेत आणि मुली असतील तर त्यांत एक महिला असावी. मुलांच्या खोलीत प्रशिक्षकाने मुक्काम करू नये. प्रवास कसा, मुक्काम कोठे, परतण्याची वेळ कोणती, हे लेखी मिळावे.

चौथा नियम शिस्तीविषयी. आपल्या लहानपणी "छडी लागे छमछम" हे सर्वमान्य होते, म्हणून आजही आपण प्रशिक्षकाच्या चापटीकडे कौतुकाने पाहतो. ते थांबविले पाहिजे. मारणे, शरीरावरून चिडविणे, मासिक पाळीविषयी सर्वांसमोर बोलणे, शिक्षा म्हणून पाणी न देणे, हे प्रशिक्षण नव्हे. मोठ्या मुलांकडून लहानांना होणारा त्रासही याच नियमात यावा. तो अनेकदा प्रशिक्षकाच्या पाठीमागे, कपडे बदलण्याच्या जागेत घडतो.

पाचवा नियम तक्रारीचा. प्रशिक्षकाव्यतिरिक्त एका विश्वासू व्यक्तीचे, शक्यतो महिलेचे, नाव व दूरध्वनी क्रमांक मुलांना आणि पालकांना ठाऊक असावा. निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका हे काम उत्तम करू शकतात. आपल्या वाचकांपैकी कोणी हे काम स्वीकारले तर मंडळावर मोठे उपकार होतील.

शरीराची काळजी

सुरक्षितता म्हणजे केवळ गैरवर्तनापासून बचाव नव्हे. ज्येष्ठांच्या अनुभवी नजरेला दिसू शकतील अशा काही गोष्टी पाहू या.

ओझर ज्या तालुक्यात येते त्या निफाडच्या थंडीच्या बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतात. अशा पहाटे अंग पुरेसे गरम न करता वेगाने धावावयास लावल्यास स्नायू दुखावतात. दमा असलेल्या मुलाला थंड हवेत धाप लागू शकते, त्याचे इनहेलर त्याच्या पिशवीत असावे आणि प्रशिक्षकाला त्याची माहिती असावी. उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर व्हावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे. मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले, अडखळू लागले किंवा अंग तापून त्याला भोवळ आली, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी घालावे, वारा घालावा आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

डोक्याला मार लागल्यावर "काही झालं नाही, ऊठ, खेळ" असे म्हणण्याची आपली सवय घातक आहे. मेंदूला हादरा बसल्याची शंका असेल तर मुलाने त्या दिवशी पुन्हा खेळू नये आणि त्याला डॉक्टरांना दाखवावे. उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणे किंवा जागे करूनही न जाणारी गुंगी असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

अति सरावही अपायकारक असतो. बालरोगतज्ज्ञ एक सोपा ठोकताळा सांगतात : मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्यात एकाच खेळाच्या सरावाला देऊ नयेत, आणि आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. याखेरीज ओझरच्या मुलांना महामार्गाचा धोका वेगळाच आहे. मैदानावर येता-जाता रस्ता कोठून ओलांडावयाचा आणि मुलाला घेऊन जाणारी व्यक्ती कोण, हे ठरलेले असावे. "काकांनी बोलावलंय" म्हणून कोणाच्याही गाडीवर बसू नये, हे मुलाला पक्के सांगून ठेवावे.

घरातील संवाद

आता त्या उंबरठ्यावरच्या वाक्याकडे परत येऊ. अशा वेळी "का रे? काय झालं?" एवढे शांतपणे विचारून थांबावे. उत्तर लगेच येणार नाही. मुले अनेकदा समोरासमोर बसून बोलत नाहीत. शेंगा सोलताना, देवाजवळ दिवा लावताना, झोपण्यापूर्वी डोक्यावर तेल चोळताना ती बोलतात. आजी-आजोबांकडे असलेला हा सवडीचा वेळ मोठा आधार ठरतो.

काही बदलांकडे लक्ष असावे : आवडता खेळ एकाएकी नकोसा होणे, एका विशिष्ट व्यक्तीचे नाव निघताच गप्प होणे, झोपेत दचकणे, अंथरूण ओले करणे, भूक मंदावणे, कपडे बदलताना नको इतका संकोच, कारण न सांगता येणारे वळ. यांतील कोणतीही एक गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, इतर कारणेही असू शकतात. पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या पिढीला शरीराविषयी बोलण्याचा संकोच वाटतो, हे मान्य केले पाहिजे. तरी अवयवांची नावे शांतपणे घेता येतात आणि "तुला नको वाटणारा स्पर्श कोणी केला, तर ओरड, तिथून निघून ये आणि मला सांग" एवढे सांगता येते. चाइल्डलाइनने तयार केलेला 'कोमल' हा लहानसा चित्रपट नातवंडांसोबत बसून पाहिला तर हा संवाद सोपा होतो. त्याबरोबर आणखी एक शिकवण द्यावी लागेल, आणि ती आपल्याला थोडी जड जाईल. मोठ्यांचा मान राखावा, गुरूची आज्ञा पाळावी, हे आपण नातवंडांना शिकविलेच. त्याला एक जोड द्यावी : जी आज्ञा आजीला सांगता येणार नाही, ती पाळावयाची नाही.

मुलाने सांगितले तर

पहिली पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. चेहरा शांत ठेवावा. "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे." ही तीन वाक्ये पुरेशी आहेत. "तू तिथे गेलासच का?" किंवा "आधी का नाही बोललीस?" असे प्रश्न टाळावेत. खोदून खोदून, पुन्हा पुन्हा सांगावयास लावू नये. मुलाने जे शब्द वापरले, तेच तारखेसह लिहून ठेवावेत. घटना नुकतीच घडली असेल तर कपडे न धुता जपून ठेवावेत आणि मुलाला लवकर रुग्णालयात न्यावे.

यानंतर अनेक घरांत कुजबुज सुरू होते : "लोक काय म्हणतील? मुलीच्या लग्नाचे काय? मंडळाचे नाव जाईल. आपसात मिटवू." ज्येष्ठांचा शब्द घरात चालतो तो याच क्षणी. तो मुलाच्या बाजूने पडला पाहिजे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला कळते, त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविल्यास ही शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड अशी आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपली शंका खोटी ठरली तर काय, या भीतीने गप्प बसण्याचे कारण नाही.

पोलीस ठाण्याच्या पायरीचीही भीती बाळगू नये. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून घेतला जावा, जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवू नये, अशी तरतूद आहे. मुलाची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. काय करावे हे सुचत नसेल तर १०९८ हा बालकांसाठीचा विनाशुल्क मदत क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. तातडीच्या प्रसंगी ११२ वर संपर्क साधावा. आरोपीला स्वतः जाऊन जाब विचारण्याचा मोह टाळावा. त्याने तो सावध होतो आणि मुलावर दडपण येते.

मंडळाला विचारण्याचे सात प्रश्न

१. प्रशिक्षक व मदतनीस यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि केव्हा?
२. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लेखी आहेत का? ते मैदानावर लावले आहेत का?
३. तक्रार कोणाकडे करावयाची? ती व्यक्ती प्रशिक्षकाहून वेगळी आहे का?
४. पालकांना व आजी-आजोबांना सराव केव्हाही पाहता येतो का?
५. परगावी जाताना सोबत कोण असते आणि मुक्कामाची व्यवस्था काय?
६. प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार येणारी व्यक्ती मैदानावर असते का?
७. कपडे बदलण्याची व स्वच्छतागृहाची जागा मुलगे व मुलींसाठी वेगळी आणि सुरक्षित आहे का?

हे प्रश्न एकट्याने विचारणे जड वाटत असेल तर बाकावरच्या चार-पाच जणांनी मिळून विचारावेत. चांगले मंडळ त्यांचे स्वागत करील. ज्या मंडळाला हे प्रश्न टोचतील, तेथे नातवंडाला पाठवावे की नाही, याचा निर्णय मग अवघड राहणार नाही.

आणि पुढच्या वेळी संध्याकाळी पाच वाजता नातवंड उंबरठ्यावर थांबले, तर घड्याळाकडे पाहू नये. बूट बाजूला ठेवून क्षणभर त्याच्याजवळ बसावे. बहुधा ते गृहपाठाचेच काही सांगेल आणि दहा मिनिटांत उड्या मारीत मैदानाकडे पळेल. पण आपले घरी ऐकले जाते, ही खात्री त्याच्या मनात रुजलेली असेल आणि कधी गरज पडलीच, तर ते त्याच उंबरठ्यावर येऊन बोलेल.